ब्राझीलची नवी राजधानी

विद्यार्थ्यांनीं दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडून ब्राझील देशाकडे पाहावें. खंडाचा जवळजवळ अर्धा भाग या एका देशानें व्यापिला आहे; परंतु त्याचीं जुनीं मोठीं शहरें बहुतेक समुद्रकिनाऱ्यालगत दिसतील. याचें कारण इतिहासांत आहे. ज्या पोर्तुगीजांनीं आपल्या शेजारीं गोव्यांत राज्य केलें, त्यांचीच सत्ता १८२२ सालापर्यंत ब्राझीलवर होती. ते गलबतांतून आले, त्यांनीं साखर व सोनें गलबतांत भरून नेलें, आणि वस्तीही बंदरांपाशीं केली. प्रथम साल्वादोर व १७६३ पासून रिओ द जानेरो, अशा राजधान्याही किनाऱ्यावरच झाल्या. देशाचा अंतर्भाग मात्र विरळ वस्तीचा व दुर्लक्षित राहिला.

स्वतंत्र राष्ट्रानें आपल्या अंतर्भागाकडे तोंड फिरवावें, एतदर्थ राजधानी मध्यभागीं न्यावी, हा विचार तेथें जुना आहे. १८९१ च्या राज्यघटनेनें मध्य पठारावरील १४,४०० चौरस किलोमीटर जमीन त्यासाठीं राखून ठेविली. पुढच्याच वर्षीं लुईस क्रुल्स या खगोलशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं पाहणी सुरू झाली. १९२२ सालीं कोनशिलाही बसली. तरी कायदा कागदावर व कोनशिला माळावर, अशींच वर्षें गेलीं. अखेर १९५५ सालीं, अध्यक्षपदाचे उमेदवार जुसेलिनो कुबिचेक यांस एका सभेंत एका सामान्य श्रोत्यानें विचारलें, कीं घटनेंत लिहिल्याप्रमाणें आपण राजधानी हलविणार काय? कुबिचेक यांनीं होकार दिला, ते निवडून आले, आणि त्यांनीं शब्द पाळला.

१९५७ सालीं स्पर्धेंत लूसिओ कोस्ता यांचा आराखडा पसंत झाला. काटकोनांत छेदणाऱ्या दोन रेषा, हें त्याचें मूळ. त्यांपैकीं एक रेषा जमिनीच्या ठेवणीप्रमाणें वांकविल्यामुळें नगराचा नकाशा पंख पसरलेल्या विमानासारखा दिसतो. सरळ रेषेवर सरकारी कचेऱ्या व दोन्ही पंखांवर राहण्याच्या वसाहती. वसाहतींतील इमारती सहा मजल्यांहून उंच नसाव्यात, सभोंवतीं झाडें असावींत, शाळा व दुकानें पायीं जाण्याच्या अंतरावर असावींत, अशी योजना होती. मुख्य इमारती ऑस्कर निमायर यांनीं योजिल्या. नदी अडवून सरोवर केलें गेलें. आणि २१ एप्रिल १९६० रोजीं ब्राझिलिया ही राजधानी झाली. १९८७ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशांत स्थान दिलें.

येथवर सर्व स्तुत्यच आहे. आतां विचारणें प्राप्त आहे, कीं हें नगर बांधिलें कोणीं? दुष्काळी ईशान्य भागांतून व इतर प्रांतांतून हजारों गरीब मजूर तेथें आले. त्यांस ‘कांदांगो’ म्हणत. काम संपतांच हे लोक परत जातील, असें योजकांनीं गृहीत धरिलें होतें. परंतु ज्याच्या गांवीं पोटास अन्न नाहीं, त्यानें परत कोठें जावें? आराखड्याप्रमाणें मुख्य नगर भरल्यानंतर उपनगरें व्हावयाचीं होतीं. प्रत्यक्षांत ताग्वातिंगा हें उपनगर १९५८ सालींच, म्हणजे राजधानीच्या उद्घाटनापूर्वीं, वसवावें लागलें. पुढें १९७१ सालीं झोपड्यांतील सुमारें ८०,००० लोकांस मध्यभागापासून सुमारें २५ किलोमीटर दूर हलविण्यांत आलें. त्या वस्तीस सेइलांदिया असें नांव पडलें. त्याचीं आद्याक्षरें ‘अतिक्रमणनिर्मूलन मोहीम’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांचीं आहेत. ज्यांच्या हातांनीं राजधानी उभी राहिली, त्यांच्या गांवाच्या नांवांत ते अतिक्रमण करणारे म्हणून नोंदले गेले!

नगर सुमारें ५ लाख लोकांसाठीं योजिलें होतें. २०२२ च्या जनगणनेंत राजधानीच्या प्रदेशांत २८ लाखांहून अधिक लोक आढळले. त्यांपैकीं बहुतेक मूळ आराखड्याबाहेर राहतात, आणि त्यांतील पुष्कळांस कामासाठीं रोज मध्यभागीं यावें लागतें.

एवढ्यावरून योजना करणेंच व्यर्थ, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. राजधानी हलल्यामुळें रस्ते झाले, अंतर्भागांत वस्ती वाढली, हा मूळ हेतु बराचसा सिद्धीस गेला. आमचें म्हणणें इतकेंच, कीं कागदावर पहिली रेघ ओढतांना विटा वाहणाऱ्या मनुष्याच्या घराची जागाही त्याच कागदावर दाखविली पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण उद्यां इंजिनिअर होतील, कांहीं कचेऱ्यांत बसून नगरांचे निर्णय करतील. त्यांच्यापुढें सुंदर नकाशा येईल, तेव्हां त्यांनीं प्रथम हेंच विचारावें: हें सर्व बांधणारा गवंडी रात्रीं कोठें निजणार, आणि त्याचें मूल कोणत्या शाळेंत जाणार?