सामाईक भांडार : सी भाषेतील एका लायब्ररीचा परिचय

संगणकाविषयी बोलताना आपण बहुधा पडद्यावर जे दिसते त्याविषयीच बोलतो. चित्र, पत्र, हिशेबाचा तक्ता, नावांची यादी एवढे आपल्याला दिसते. परंतु त्यामागे काही अगदी साधी कामे अखंड चाललेली असतात : शब्दाची लांबी मोजणे, एका जागेवरचा मजकूर दुसऱ्या जागी उतरवून घेणे, यादीत एक नाव घालणे किंवा काढणे, जागा मागून घेणे व काम झाल्यावर ती परत करणे. ही कामे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. तथापि ती बिघडली तर वरचे सारे बिघडते. अशा कामांच्या तयार कृतींचा जो संग्रह, त्याला संगणकाच्या भाषेत लायब्ररी म्हणतात. आपल्या घरांतील अनेक मुले-मुली आज हा विषय शिकत आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही तो समजावा, या हेतूने एका प्रसिद्ध लायब्ररीच्या आधारे आम्ही तो येथे मांडीत आहोत.

भाषा लहान, काम मोठे

सी ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. १९७३ साली युनिक्स या कार्यप्रणालीचा गाभा तीत नव्याने लिहिला गेला आणि एका यंत्रासाठी लिहिलेले काम थोड्या फरकाने दुसऱ्या यंत्रावर नेण्याची वाट मोकळी झाली. १९८९ साली अमेरिकेत या भाषेचे प्रमाण रूप ठरविण्यात आले.

ही भाषा मुळातच आटोपशीर आहे. सुताराला करवत, रंधा व पटाशी द्यावी आणि खुर्ची त्याने स्वतःच करावी, तसा हा प्रकार आहे. हवी तेवढी वाढणारी यादी किंवा नावावरून नोंद शोधून देणारा कोश तीत तयार मिळत नाही. त्यामुळे जो तो आपापली यादी व आपापला कोश लिहू लागला. एकच काम हजार ठिकाणी झाले आणि त्यातील चुकाही हजार ठिकाणी झाल्या.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली 'गिंप' ही चित्रे सुधारण्याची आज्ञावली लिहावयास घेतली. तिच्यासाठी खिडक्या व बटणे काढणारा एक संच त्यांना करावा लागला, आणि त्या संचासाठी याद्या, कोश, मजकूर, स्मृती यांच्या साध्या कृती कराव्या लागल्या. या साध्या कृतींना चित्रांशी काहीच कर्तव्य नव्हते. त्या कोणालाही उपयोगी पडण्याजोग्या होत्या. म्हणून पुढे त्या वेगळ्या काढण्यात आल्या. तीच 'जी-लिब' ही लायब्ररी होय. तिची दुसरी मोठी आवृत्ती २००२ साली निघाली. आज लिनक्सवरील ग्नोम हा पडदा, इंकस्केप, वायरशार्क, क्यूएमू अशी परस्परांहून अगदी भिन्न कामे तिच्यावर उभी आहेत.

गावकीची भांडी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यातील मर्म लगेच कळेल. मोठे पातेले व परात घरोघरी घेऊन ठेवण्याची गरज नसते. एकदा चांगल्या धातूची घ्यावी, नीट जतन करावी आणि कार्य असेल त्याने न्यावी. मात्र नेणाऱ्याला पातेल्यात किती मावते व ते परत कसे करावयाचे हे माहीत असावे लागते.

माप आणि क्रम

निरनिराळी यंत्रे सारखी नसतात, ही पहिली अडचण. सी भाषेत साध्या पूर्णांकाला निदान १६ बिटांची जागा असावी एवढाच नियम आहे. १६ बिटांत ३२,७६७ पेक्षा मोठी धन संख्या मावत नाही. ३२ बिटांच्या यंत्रावर ४०,००० ची बेरीज बिनचूक येते आणि लहान यंत्रावर तीच बेरीज ऋण दिसू शकते. जी-लिबमध्ये म्हणून 'नेमके ३२ बिट' असे सांगणारी मापे ठरवून दिलेली आहेत. पुढे १९९९ च्या प्रमाणात भाषेनेही तशी मापे स्वीकारली.

दुसरी अडचण क्रमाची. आपण २५ हा आकडा लिहिताना दोन आधी लिहितो, परंतु तोंडाने 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो. दोन्ही रीती बरोबर आहेत. पण एकाने उच्चाराच्या क्रमाने अंक सांगितले आणि दुसऱ्याने लेखनाचा क्रम समजून ते टिपले, तर २५ चे ५२ होतात. यंत्रांतही असेच दोन पंथ आहेत. काही यंत्रे संख्येचा मोठा भाग आधी ठेवतात, तर इंटेलच्या घराण्यातील यंत्रे लहान भाग आधी ठेवतात. एकाने लिहिलेले दुसऱ्याने वाचावयाचे तर मध्ये क्रम पालटून देणारा कोणी तरी हवा. जी-लिबमध्ये ही कृती तयार आहे, आणि क्रम पालटण्याची गरज नसलेल्या ठिकाणी ती संख्या जशीच्या तशी राहू देते.

काळाचे मापही असेच आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या घड्याळाची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. जी-लिबमधील काळ मोजण्याचा एक जुना साचा या दोषास पात्र होता. २०१९ साली त्याच्यावर 'यापुढे वापरू नये' असा शेरा मारून लोकांना नव्या साच्याकडे वळविण्यात आले. जुने एकदम फेकून दिले असते तर त्यावर विसंबलेली कामे अडली असती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

नाव कोठे तुटते

आता शब्दांकडे वळू. सी भाषेत मजकूर म्हणजे ओळीने मांडलेले बाइट व शेवटी शून्याची खूण. ज्या जागेत मजकूर उतरवावयाचा ती पुरेशी आहे की नाही हे भाषा स्वतः पाहत नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर सुटलेल्या मॉरिस याच्या किड्याने या ढिलाईचा फायदा घेतला. ५१२ बाइटांच्या जागेत त्याने ५३६ बाइट घातले, आणि जास्तीच्या बाइटांनी शेजारची जागा व्यापून यंत्राचा ताबा मिळविला. या घटनेत जी मूळ कृती वापरली गेली होती, ती अखेर २०११ च्या प्रमाणातून काढून टाकण्यात आली.

जी-लिबमधील उतरवून घेण्याची कृती 'जागा किती?' असे आधी विचारते व त्यापलीकडे लिहीत नाही. मग प्रश्न सुटला काय? रोमन लिपीपुरता सुटला. आपल्यापुरता सुटलेला नाही, तो कसा ते पाहू.

आज सर्वत्र चालणारी 'यूटीएफ-८' ही लेखनपद्धती केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ साली योजिली. तीत साध्या रोमन अक्षराला १, उर्दू अक्षराला २ आणि देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. 'अब्दुलरहमान' हे नाव घ्या. रोमनमध्ये त्याची ११ अक्षरे होतात, म्हणजे ११ बाइट. उर्दूत ते नऊ अक्षरांत लिहिले तर १८ बाइट. देवनागरीत अ, ब, पाय मोडल्याची खूण, द, उकार, ल, र, ह, म, काना व न अशी ११ चिन्हे, म्हणजे ३३ बाइट. यादीत नावासाठी ३० बाइटांची जागा असेल तर शेवटच्या खुणेसाठी १ जाऊन २९ उरतात. त्यांत नऊ चिन्हे पूर्ण बसतात आणि दहाव्या चिन्हाचे, म्हणजे कान्याचे, दोनच बाइट राहतात. परिणामी 'अब्दुलरहम' एवढे छापले जाऊन पुढे एक चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. यंत्र कोसळले नाही, चोरी झाली नाही. फक्त माणसाचे नाव तुटले.

येथे जी-लिबचा दुसरा गट उपयोगी पडतो. त्यातील कृती बाइट न मोजता चिन्हे मोजतात. 'मराठी' हा शब्द बाइटांनी १५ भरतो, चिन्हांनी ५. मजकूर सुस्थितीत आहे काय, आणि नसल्यास कोठपर्यंत नीट आहे, हे सांगणारीही एक कृती आहे. परंतु डोळ्यांना 'मराठी' ही तीनच अक्षरे दिसतात : म, रा, ठी. तेवढे जाणण्यासाठी 'पांगो' नावाच्या वेगळ्या लायब्ररीकडे जावे लागते. ग्रीक भाषेत 'पान' म्हणजे सर्व व जपानी भाषेत 'गो' म्हणजे भाषा; त्यांच्या जोडीने हे नाव झाले आहे. आणि नाव नीट चिन्हावर तोडले तरी ते तुटलेलेच राहते. त्याचा खरा उपाय म्हणजे मजकुराप्रमाणे वाढणारी जागा घेणे. तशी वाढती ओळही या भांडारात आहे. ती वापरण्याची बुद्धी मात्र लिहिणाऱ्याला हवी. देवनागरी नाव किती लांब असते हे ज्याला ठाऊक आहे, तोच ३० बाइटांची जागा अपुरी आहे असे वेळेवर सांगू शकतो.

घेणे व परत करणे

स्मृतीची जागा मागून घेतली तर काम झाल्यावर परत करावयाची. परत केली नाही तर जागा हळूहळू संपते. दोनदा परत केली तर दुसऱ्याच्या वापरातील जागा मोडते. म्हणून जी-लिबच्या माहितीपत्रकात पुष्कळ कृतींपुढे स्पष्ट लिहिलेले असते की, मिळालेली वस्तू वापरणाऱ्याची झाली, ती त्याने परत करावी. किंवा ती केवळ पाहण्यापुरती दिली आहे, तिला हात लावू नये. जी वस्तू अनेकजण वापरतात तिच्याजवळ वापरणाऱ्यांची संख्या लिहिलेली असते. घेणाऱ्याने एक वाढवावा, सोडणाऱ्याने एक कमी करावा. संख्या शून्य झाली की वस्तू आपोआप मोडीत निघते.

जागा मिळालीच नाही तर काय करावे, याविषयीही या लायब्ररीचा एक नियम आहे. तिची नेहमीची कृती अशा वेळी सारी आज्ञावली तेथेच थांबवते. चित्र काढण्याच्या आज्ञावलीला हे एक वेळ चालेल. अखंड चालू राहिले पाहिजे अशा कामात चालणार नाही. तेथे 'प्रयत्न कर, न मिळाल्यास सांग' अशी दुसरी कृती निवडावी लागते. तयार वस्तू घेतली म्हणून विचार करण्याचे काम संपले असे होत नाही.

सामाईक वस्तूची जोखीम

एकाच वस्तूवर सर्वांनी विसंबावे यात धोका नाही काय? आहे. एप्रिल २०१४ मध्ये 'ओपन-एसएसएल' या दुसऱ्या एका लायब्ररीतील दोष उघडकीस आला. लोक त्याला 'हार्टब्लीड' या नावाने ओळखतात. समोरचा म्हणे, 'माझा मजकूर इतका लांब आहे, तो परत पाठव'; आणि लायब्ररी त्याने सांगितलेली लांबी खरी मानून शेजारच्या स्मृतीतील मजकूरही पाठवून देई. मोजमाप न तपासण्याचा हा जुनाच दोष होता. तो मार्च २०१२ मधील आवृत्तीपासून दोन वर्षे तेथे होता. सामाईक पातेल्याला भोक पडले की प्रत्येक कार्यात सांडते.

पण त्याचीच दुसरी बाजू अशी की, एका ठिकाणी डाग लावला की सर्वांचे सांडणे थांबते. ज्याने आपल्यापुरते वेगळे पातेले केले, त्याचे भोक त्यालाच शोधावे लागते, आणि पुष्कळदा ते सापडतच नाही. जी-लिबची मूळ संहिता कोणालाही वाचावयास खुली आहे व सुधारणा सुचविण्याची सर्वांना मोकळीक आहे. म्हणून सामाईक वस्तूवर पहाऱ्याची जबाबदारीही सामाईकच असते.

आपल्या मुलांना आम्ही एवढेच सांगू. पडद्यावरचे चमकदार काम शिका, ते पोटाला उपयोगी आहे. परंतु मोजणे, उतरवणे, सांभाळणे व परत करणे ही खालची कामेही समजून घ्या. तुम्ही लिहिलेल्या यादीची परीक्षा रोमन नावांनी करून थांबू नका. देवनागरीतील लांब नाव घाला, उर्दूतील घाला, जोडाक्षरांनी भरलेले घाला, आणि ते पूर्ण बाहेर येते की नाही ते पाहा. कोठे तुटले तर ते आपल्यापुरते दुरुस्त करून गप्प बसू नका. ज्यांच्याकडे त्या भांडाराची देखरेख आहे त्यांना कळवा. त्या एका कळविण्याने ज्यांना आपण कधी पाहणारही नाही अशा कित्येकांची नावे यादीत पूर्ण उमटतील.