जिप्सीला मोठे टायर : खर्च किती, फायदा किती?

जुनी मारुती जिप्सी घेतली की पहिली हौस मोठ्या टायरची. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कच्च्या रस्त्यांवर चाकोऱ्या खोल जातात आणि गाडीचं पोट मधल्या उंचवट्याला टेकतं. तेव्हा गाडी थोडी उंच हवी होती असं वाटणं साहजिक आहे. पण दुकानदार सांगतो तो भाव नुसत्या टायरचा असतो. पुढचा खर्च रिम, बेअरिंग, पाटे आणि विम्यापर्यंत जातो. तो सगळा आधी कागदावर मांडा.

मापाचं गणित

जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर१५. म्हणजे रुंदी २०५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १५ इंची. व्यास भरतो ६६८ मिमी. व्यास कितीही वाढवला तरी गाडी त्या वाढीच्या निम्मीच उचलली जाते, हे आधी लक्षात घ्या.

खालचे भाव स्टेपनीसह पाच टायरचे, ढोबळ अंदाजाचे आहेत. ब्रँड आणि शहर बदललं की फरक पडतो.

* २१५/७५ आर१५ : व्यास सुमारे ७०३ मिमी, उंचीत १८ मिमी वाढ. मूळ साडेपाच इंची रिमवर बसतो. खर्च ३५ ते ५० हजार रुपये.
* २३५/७५ आर१५ : व्यास सुमारे ७३३ मिमी, वाढ ३३ मिमी. किमान सहा इंच रुंद रिम लागते. टायर ४५ ते ६५ हजार, रिम आणखी २० ते ३० हजार.
* ३१ × १०.५ आर१५ : व्यास ७८७ मिमी, वाढ सुमारे ६० मिमी. सात इंची किंवा त्याहून रुंद रिम आणि लिफ्ट किट हवंच. सगळं धरून दीड लाखाच्या पुढची तयारी ठेवा.

बिलात न दिसणारा खर्च

जिप्सी किंगचं इंजिन १.३ लिटरचं, ताकद फार तर ८० अश्वशक्ती. चाक मोठं झालं की गिअरिंग लांबतं आणि चढाला गाडी दम टाकते. ३१ इंची टायरवर पाचवा गिअर सपाटीलाही नीट ओढत नाही. मग क्राउन-पिनियन बदलण्याची वेळ येते, तो खर्च वेगळा. स्पीडोमीटरही चुकतो. २३५/७५ वर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६ च्या आसपास धावत असते. जड चाक थांबवायला ब्रेकही जास्त दाबावा लागतो.

सर्वात जास्त भार येतो तो पुढच्या किंगपिन बेअरिंगवर. तपासणी सोपी आहे. पुढचं चाक जॅकवर उचला, एक हात वर आणि एक हात खाली धरून चाक आत-बाहेर हलवा. खडखड जाणवली तर टायरचा विचार बाजूला ठेवा आणि आधी हब व किंगपिनचं काम करून घ्या. ढिल्या बेअरिंगवर जड चाकं चढवली तर वेगात स्टिअरिंग जोरात थरथरू लागतं, आणि हा प्रकार जिवावर बेतू शकतो. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर पाट्यांना किंवा मडगार्डला घासतो का, तेही पाहा. स्टेपनी मागच्या दारावर असते, त्यामुळे जड चाकाने दाराच्या बिजागऱ्या बसतात.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला पुनर्नोंदणीसाठी आरटीओत न्यावंच लागतं, आणि तिथे वेगळं माप अडू शकतं. अपघातानंतर विमा कंपनीही याच मुद्द्यावर दावा अडवू शकते. म्हणून माप बदलण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही विचारा, उत्तर लेखी घ्या.

स्वस्तातला उपाय

चिखलात गाडी अडते ती बहुतेकदा पकड नसल्यामुळे. मूळ मापात ऑल-टेरेन नक्षीचा टायर मिळाला तर तोच घ्या. कच्च्या रस्त्याला लागताना हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, म्हणजे टायर पसरून जमीन धरतो. डांबरी रस्ता येताच हवा पुन्हा भरा. त्यासाठी लागणारा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर तीन ते पाच हजारांत येतो.

दुकानात गेल्यावर

* टायरच्या भिंतीवरचा चार अंकी आकडा वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षाहून जुना माल नको.
* पाचही टायर एकाच मापाचे आणि नक्षीचे घ्या. फोर-व्हीलमध्ये असताना व्यासातला फरक थेट ट्रान्सफर केसवर ताण आणतो.
* भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा.
* भाव जीएसटीसह विचारा. फिटिंग, व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंग त्यात धरलंय का, तेही बिलावर लिहून घ्या.

जिप्सीची ताकद तिच्या हलकेपणात आहे. पन्नास हजार हाताशी असतील तर क्रम असा ठेवा : आधी बेअरिंग, ब्रेक आणि शॉक अब्सॉर्बर, मग मूळ मापाचे चांगले टायर, मग कॉम्प्रेसर. एवढ्यावर एक पावसाळा गाडी चालवा. त्यानंतरही पोट टेकत असेल, तरच मोठ्या मापाची चौकशी करा.