जमीन शेतकऱ्याची, शर्त कायमची

शहर वाढू लागले की आधी रस्ता येतो. मग कडेच्या शेतात खुंट्या ठोकलेल्या दिसतात. भाव चढतो. एक जण विकतो, मग दुसरा विकतो. असेच संकट अमेरिकेतल्या एका मुलखावर आले होते. तिथल्या लोकांनी त्यावर कोणती तोड काढली, ते या पाठात आम्ही सांगणार आहोत.

कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्को नावाचे मोठे शहर आहे. त्याच्या उत्तरेला, पाण्यापलीकडे, मरीन नावाचा जिल्हा आहे. टेकड्यांचा, गवताचा मुलूख. तिथे पिढ्यान् पिढ्या दुधाचा धंदा चालत आला. १९३७ साली शहर आणि मरीन यांना जोडणारा मोठा पूल झाला. १९६० नंतर तर तिथल्या कुरणांवर नवी वस्ती वसवण्याचे बेत निघाले.

जमीन विकणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. कोणाच्या डोक्यावर कर्ज असते. कोणाचे भाऊ वाटा मागतात. पण दहा गोठे बंद झाले, म्हणजे पेंडवाला दुकान हलवतो. गुरांचा डॉक्टर येईनासा होतो. दुधाची गाडी बंद पडते. मग ज्याला विकायचे नाही, त्यालाही टिकता येत नाही.

जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी नियम केला, की ६० एकरांत एकच घर बांधावे. त्याने थोडा दम मिळाला. पण नियमाचे काय? नवी माणसे निवडून आली की तो बदलू शकतो. म्हणून १९८० साली दोन बायांनी पुढाकार घेतला. एक एलन स्ट्रॉस. त्यांच्या घरी गाई होत्या, दुधाचा धंदा होता. दुसऱ्या फिलिस फेबर. त्या वनस्पतींच्या अभ्यासक. एकीला शेतीची काळजी, दुसरीला रानाची. दोघींनी माणसे जमवून एक विश्वस्त संस्था काढली. केवळ शेतजमीन राखण्यासाठी निघालेली अमेरिकेतली ही पहिलीच संस्था.

आता तिची रीत पाहा. जमीन आपली म्हणजे काय? ती कसण्याचा हक्क आपला. विहीर खणण्याचा, विकण्याचा, घरे बांधण्याचाही हक्क आपला. ही संस्था जमीन घेत नाही. प्लॉट पाडून घरे बांधण्याचा हक्क तेवढा विकत घेते. समजा, घरांसाठी जमीन विकली तर १०० रुपये येतात. नुसत्या शेतीसाठी विकली तर ६० येतात. मधले ४० रुपये संस्था शेतकऱ्याला देते. हा पैसा लोकांच्या देणग्यांतून आणि सरकारी निधीतून येतो. त्यातून कोणी कर्ज फेडतो, कोणी भावाबहिणींचा वाटा देतो, कोणी गोठा नीट करतो.

मग दस्त होतो. जमीन शेतकऱ्याचीच राहते. तो ती विकू शकतो, मुलांना देऊ शकतो. पण जो कोणी घेईल, त्याच्यावर ती शर्त चालू राहते. आपल्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना असतो ना? त्यात बोजा लिहिलेला असला, तर घेणाऱ्याला तो डोळ्याआड करता येत नाही. तसेच हे समजा. संस्थेची माणसे ठरावीक वेळी येऊन जमीन पाहून जातात. शर्त मोडली तर कोर्टात जातात.

अशा रीतीने मरीनमध्ये ५०,००० एकरांहून अधिक जमीन राखली गेली आहे. तिच्यावरचे ओढे आणि रानही राहिले. स्ट्रॉस यांच्या मुलाने १९९४ साली घरच्या गोठ्यात रासायनिक खत-औषधाशिवाय दूध काढण्याचा धंदा सुरू केला. तो चांगला चालला. कुरण गेले असते, तर हे कोठून झाले असते?

मात्र एक गोष्ट विसरू नये. अशी शर्त सहसा परत फिरत नाही. नातवाचेही हात बांधले जातात. म्हणून घरातल्या सगळ्यांनी, बायामाणसांनीसुद्धा, एकत्र बसून आधी विचार करावा. हा कायदा त्या देशातला आहे. पण जमिनीचा कागद कोठलाही असो, तो आपण स्वतः वाचावा. आता आपल्याला वाचता येते. न वाचता सही करू नये.

विचार करा आणि सांगा :
१. संस्था शेतकऱ्याकडून काय विकत घेते?
२. शेजारचे गोठे बंद झाले, तर उरलेल्या शेतकऱ्याचे काय होते?
३. आपल्या गावातली कोणती जमीन, कोणते पाणी नातवंडांसाठी राहायला हवे?