भरतीच्या वेळी पक्षी मोजताना

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर वॉश नावाचं मोठं आखात आहे. ओहोटीला तिथे नजर पोचेल तिथवर चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले लाखो पक्षी त्यात चरतात. तेव्हा मोजायला जाऊ नये. दूरवर नुसते ठिपके दिसतात. भरतीनं चिखल बुडाला की हेच थवे किनाऱ्यालगत दाटीवाटीनं येऊन बसतात. मोजणी तेव्हा करायची.

म्हणून आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेची भरती बाराच्या सुमारास येते, हे कोकणच्या माणसाला पाठ असतं. वॉशला ती सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या आसपास येते, आणि जानेवारीत उजाडतं आठला! भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, तेव्हा ऐन उधाण सोडून एक-दोन दिवसांनंतरची सकाळ धरा. फार पुढेही जाऊ नका. भांगाच्या भरतीला चिखल पुरता बुडत नाही. 1993 पासून चालू असलेल्या वेटलँड बर्ड सर्व्हे या ब्रिटनमधल्या पाणपक्षी-मोजणीत सामील झालात, तर महिन्याची तारीख ठरवूनच मिळते. सगळ्यांनी एकाच दिवशी मोजलं की एकच थवा दोघांच्या वहीत चढत नाही.

सोबत ट्रायपॉडसह स्पॉटिंग स्कोप, साधी दुर्बीण, बोटानं दाबायचा काउंटर, वही आणि पेन्सिल घ्या. गारठ्यात बॉलपेन दगा देतं. हातमोजे दोन जोड, आतले पातळ. कॅमेरा मी तरी घरीच ठेवायला सांगेन. फोटो आणि मोजणी एका वेळी होत नाही.

वॉशच्या काठावरच्या स्नेटिशॅमसारख्या ठिकाणी भरतीच्या दोन तास आधी पोचा. वारा पाठीशी घ्या, नाहीतर डोळ्यांतल्या पाण्यापुढे काही दिसत नाही. चिखलात उतरू नका. पाणी ओघळींतून मागून चढतं आणि परतीची वाट बुडते.

आधी थव्यात कोण कोण आहे ते ठरवा. काळापांढरा, नारिंगी चोचीचा ऑयस्टरकॅचर सोपा. बाकदार लांब चोचीचा कर्ल्यूही. राखाडी गर्दी बहुधा नॉटची, अंगाला अंग लावून बसलेली. त्याहून लहान आणि चोचीचं टोक किंचित खाली वळलेलं असेल तर डनलिन. उडताना काखेत काळा डाग दिसला तर ग्रे प्लोव्हर.

आता खरं काम. थव्याच्या एका कडेचे दहा पक्षी एकेक करून मोजा. दहा केवढ्या जागेत मावतात ते डोळ्यात बसलं की तशा दहा जागा धरून शंभर करा, मग शंभराचा ठोकळा थव्यावरून सरकवत न्या. मध्यभागी गर्दी दाट असते, तिथे ठोकळा लहान करावा लागतो. नवखे इथेच चुकतात आणि मोठा थवा हमखास कमी मोजतात. उलट दिशेनं पुन्हा मोजा. दोन आकड्यांत फार तफावत असेल तर तिसऱ्यांदा. घरी सरावासाठी तव्यावर मूठभर तांदूळ पसरा, अंदाज लिहा, मग दाणे मोजा. पहिल्या दिवशी फजिती होते.

पाणी अगदी वर आलं की नॉट उठून बांधामागच्या, खडी काढलेल्या जुन्या खाणींच्या तळ्यांत जातात. उडता थवा एका ठरलेल्या खुणेवरून जाताना मोजा, आणि तळ्यात बसल्यावर त्यांना पुन्हा धरू नका.

पक्ष्यांनी माना वर केल्या, चरणं-झोपणं थांबलं, की तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. थंडीत उगाच उडायला लावणं त्यांना महागात पडतं. 1991 च्या फेब्रुवारीतल्या कडाक्यात या किनाऱ्यावर रेडशँक पक्षी मोठ्या संख्येनं मेले. कुत्रा, माणूस किंवा ससाण्यामुळे थवा उठला तर वेळेसह नोंदवा.

आकडे त्याच संध्याकाळी भरा. एखादी जात दिसलीच नाही तर शून्य लिहा, रकाना कोरा ठेवू नका. धुक्यामुळे अर्धा पट्टा दिसला नसेल तर तसं लिहा, अंदाजानं भर घालू नका.