ठेकेदार तोच, काम वाढले: हे चालते का?

प्रश्न : आमच्या रस्त्याचे काम एका ठेकेदाराला निविदेने मिळाले. काम चालू असतानाच पुढचा तुकडाही, नवी निविदा न काढता, त्यालाच दिला. हे नियमात बसते का? (एक वाचक, आष्टी, जि. बीड)

उत्तर : करार झाला की त्यात काहीच बदलता येत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. पुलाचा पाया खणताना अनपेक्षित कातळ लागला, तर काम थांबवून पुन्हा निविदा काढणे जनतेलाच महागात पडेल. म्हणून बांधकाम खात्याच्या बी-1 करारातच वाट ठेवलेली आहे. कलम 38 प्रमाणे एखाद्या बाबीचे परिमाण साधारण 25 टक्क्यांपर्यंत वाढले, तर निविदेचाच दर लागतो. त्यापुढच्या वाढीला चालू दरसूचीवरून दर काढतात.

खर्च वाढला म्हणजे ठेकेदाराचे फावले, हाही समज तपासून घ्यावा. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग 1995 मध्ये सुमारे 350 कोटींचा होता, तो 4,800 कोटींवर गेला. ही वाढ अख्ख्या प्रकल्पाची आहे. कुणा एका ठेकेदाराच्या करारातली नव्हे.

खरा वाद कामाचे स्वरूपच बदलते तेव्हा होतो. त्याची कसोटी अशी: वाढीव काम मूळ जाहिरातीतच असते, तर आणखी कोणी निविदा भरली असती का, किंवा कमी दर आला असता का? युरोपीय न्यायालयाने 2008 मध्ये अशीच कसोटी घालून दिली. आपल्याकडे आधार आहे तो राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 मधल्या समान संधीचा. कातळ फोडणे हे त्याच कामाचा भाग. निविदेत नसलेला पुढचा तुकडा हे माझ्या मते नवे काम. खरी आणीबाणी नसेल, तर त्याला नवी निविदा हवी.

मंजुरीची सही झाली की प्रश्न मिटतो, असेही नाही. विदर्भातल्या 38 सिंचन प्रकल्पांची किंमत 2009 मध्ये काही महिन्यांत 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर नेली गेली. कागदोपत्री मान्यता होत्या, तरी प्रकरण न्यायालयात गेले.

तेव्हा माहिती अधिकारात निविदा सूचना, करारनामा, कार्यारंभ आदेश आणि जादा कामाच्या मंजुरीची प्रत मागा. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. मूळ सूचनेतली रस्त्याची लांबी आधी पाहा.