ब्रेक पॅड घरी बदलताना

चिपळूणहून कराडला जाणारा माणूस कुंभार्ली घाट चढताना इंजिनाचा विचार करतो आणि उतरताना ब्रेकचा. माझं या घाटातून नेहमी येणं-जाणं असतं. त्यामुळे पुढच्या डिस्कचे पॅड संपत आले की ते घरीच, अंगणात गाडी डबल स्टँडवर लावून बदलायचे, असं मी ठरवलं. त्या कामाने मला जे शिकवलं, ते असं.

१. झिजणं हा पॅडचा दोष नाही, तेच त्याचं काम आहे. दीडशे किलोची गाडी आणि सत्तर किलोचा माणूस ताशी ६० किलोमीटरने चालले असतील, तर थांबताना साधारण तीस हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. छोटा कपभर पाणी उकळीला आणायला तेवढी पुरते. मागचा ब्रेक आणि इंजिन आपापला वाटा उचलतात, पण बहुतेक भार पुढच्या दोन पॅडवर येतो, तोही काही सेकंदांत. वेग ३० असेल तर हाच भार एक चतुर्थांश होतो, निम्मा नव्हे. हे गणित शाळेत केलेलं होतं. पण संपत आलेला पॅड हातात घेतल्यावर घाटातला माझा वेग आपोआप उतरला.

२. डिस्क ब्रेक आपली झीज लिव्हरपर्यंत कळू देत नाही. याचं मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं. मागच्या ड्रम ब्रेकचं तसं नसतं. लायनर झिजले की पेडल खाली जायला लागतं, मग आपण नट आवळतो. डिस्कमध्ये पॅड जेवढा झिजतो तेवढा पिस्टन पुढे सरकतो, त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढतं आणि बोटांना लिव्हर कालच्यासारखाच लागतो. खूण दिसते ती हँडलवरच्या डबीत. तिथली ऑइलची पातळी हळूहळू खाली येते. अशा वेळी वरून ऑइल ओतण्याआधी वाकून पॅड बघावेत. त्यांवर खाचा असतात. त्या मिटत आल्या किंवा वरचा थर एक-दीड मिलिमीटरवर आला, की पॅड बदलायचे. कोकणातल्या पावसाळ्यात तर मी हे बघणं अजिबात टाळत नाही. तांबडा चिखल आणि बारीक रेती पॅड फार लवकर खातात.

३. काढलेले पॅड फेकण्याआधी वाचावेत. दोन्ही शेजारी ठेवले की गाडीची प्रकृती समजते. एक खूप झिजलेला आणि दुसरा जाड असेल, तर कॅलिपर आपल्या पिनांवर नीट सरकत नाही, किंवा पिस्टन अडकतोय. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड असेल, तर तो जागेवर तिरका बसत होता. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल, तर तो जास्त तापून गेलेला आहे. नुसते नवे पॅड घातले तर हेच दुखणं नव्या पॅडनाही लागणार. म्हणून सरकत्या पिना पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावणं मला पॅड बदलण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. डिस्कलाही बोट लावून बघावं. कडेला धार आली असेल तर जाडी मोजावी. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेलीच असते.

४. ग्रीस पॅडच्या आणि डिस्कच्या तोंडाला लागता कामा नये. म्हणून नवे पॅड उचलण्याआधी मी साबणाने हात धुतो. आणि ब्रेकची काळी पूड फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. ती छातीत जाऊ नये.

५. पिस्टनभोवतीचं एक रबरी कडं मला या साऱ्या यंत्रणेत सर्वांत सुंदर वाटतं. ब्रेक दाबला की पिस्टनबरोबर ते किंचित वाकतं. सोडला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. पॅड डिस्कपासून सुटतो तो एवढ्याच आधारावर, वेगळी स्प्रिंग नसते. हे कळल्यावर पिस्टन मागे ढकलताना हात आपोआप हळू होतो. आधी बाहेर आलेला भाग स्वच्छ पुसायचा, नाहीतर चिकटलेली घाण त्या कड्यावर घासत आत जाते. ढकलताना डबीतली पातळी वर चढते, म्हणून एक डोळा तिकडे ठेवायचा आणि टाकीवर फडकं पसरायचं. ब्रेक ऑइल रंग उतरवतं.

६. सगळं बसवून झालं तरी ब्रेक अजून नसतो. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा दाबलेला लिव्हर थेट मुठीला टेकतो. सावकाश दाबत राहिलं की पिस्टन पुढे येतो आणि लिव्हर घट्ट होतो. हे उभ्या गाडीवरच करायचं. घरात दुसरं कुणी गाडी घेऊन जाणारं असेल, तर तोवर किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

७. नवे पॅड पहिल्याच दिवशी घाटात नेऊ नयेत. डिस्कशी त्यांचा पूर्ण पृष्ठभाग जुळायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घ्यायचा, बेताने ब्रेक लावायचा, थोडं थंड होऊ द्यायचं, पुन्हा तसंच. मागे कुणाला बसवायचं नाही.

८. घरी काम करायला लागल्यापासून गॅरेजवाल्यांबद्दलचा माझा आदर वाढला. कॅलिपरचा बोल्ट किती आवळायचा ते त्यांच्या मनगटाला माहीत असतं. मला मॅन्युअलमधला आकडा आणि टॉर्कचा पान्हा लागतो. काही कामं मी त्यांच्याकडेच ठेवली आहेत. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. अशा गाडीच्या ब्रेकच्या नळीत हवा शिरली, तर ती काढायला काही वेळा कंपनीचं यंत्र जोडावं लागतं. लिव्हर स्पंजासारखा मऊ लागत असेल, कॅलिपरखाली ओल दिसत असेल, किंवा पिस्टन बेताच्या दाबाने मागे जात नसेल, तर मी पान्हा खाली ठेवतो. गाडी टेम्पोत चढवून गॅरेजला पाठवतो, चालवत नेत नाही.