घटक ५ : संशोधन पदवीचे श्रेयांक कसे मोजावेत?

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, संशोधनाचा विषय कसा निवडावा याचा विचार आपण मागील घटकात केला. निवडलेल्या विषयाला किती वेळ द्यावा लागतो आणि विद्यापीठ त्या वेळेची नोंद कोणत्या परिमाणाने करते, हे या घटकात पाहावयाचे आहे. बी.ए.च्या विद्यार्थ्याने एम.ए. व पीएच.डी.च्या श्रेयांकांचा हिशेब आताच कशासाठी करावा, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आपल्या परिस्थितीतच आहे. आपल्यापैकी बहुतेकजण नोकरी, शेती, दुकान किंवा घर सांभाळून शिकतात. नियमित महाविद्यालयातील विद्यार्थ्याला अभ्यासाचा वेळ मिळतो. आपल्याला तो काढावा लागतो. तो पुरणार नाही हे प्रवेश घेऊन दोन वर्षे गेल्यावर कळण्यापेक्षा आज कागदावर कळलेले बरे.

विवेचनासाठी एक उदाहरण कल्पू या. नागपूरच्या पूर्व भागातील कळमना बाजारात अडतीच्या एका दुकानात हिशेब लिहिणारी एक विद्यार्थिनी आहे. संत्री, मिरची, धान्य यांचे लिलाव ती रोज ऐकते. लिलावाच्या वेळी बोली पुकारताना आकडे मराठीत केव्हा येतात आणि हिंदीत केव्हा, ‘येऊन राहिला’, ‘काहून’ असे नागपुरी बोलणारा माणूस परक्या व्यापाऱ्यापुढे बोली बदलतो काय, असे प्रश्न तिला पडतात. प्रश्न चांगले आहेत. त्यांवर तिला पुढे एम.ए.चा प्रकल्प आणि जमल्यास पीएच.डी.चा प्रबंध लिहावयाचा आहे. या घटकातील हिशेब तिच्या निमित्ताने करू.

‘श्रेयांक’ हा शब्द

इंग्रजीतील ‘क्रेडिट’साठी मराठीत ‘श्रेयांक’ हा शब्द आता रूढ झाला आहे. श्रेय म्हणजे केलेल्या कामाची पावती आणि तिचा अंक तो श्रेयांक. शब्द सुटसुटीत आहे, परंतु त्याने एक गैरसमजही निर्माण होतो. ‘श्रेय’ या शब्दाच्या मुळाशी ‘अधिक चांगले’ असा अर्थ असल्यामुळे ज्याचे श्रेयांक अधिक तो विद्यार्थी अधिक हुशार, असे वाटू लागते. वस्तुतः ‘क्रेडिट’ ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ ‘विश्वास ठेवणे’ असा असून त्याचे नाते संस्कृतातील ‘श्रद्धा’ या शब्दाशी आहे, ‘श्रेय’शी नाही. बाजारात आपण ज्याला ‘पत’ म्हणतो त्याच्या जवळचा हा अर्थ आहे. अमुक इतके काम या व्यक्तीने पूर्ण केले आहे, यावर दुसऱ्या विद्यापीठाने विश्वास ठेवावा, एवढेच श्रेयांक सांगतो.

म्हणून गुण, श्रेणी आणि श्रेयांक या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. चार श्रेयांकांच्या अभ्यासक्रमात एकाला ‘ओ’ ही सर्वोच्च श्रेणी मिळाली आणि दुसरा कसाबसा उत्तीर्ण झाला, तरी दोघांच्या खात्यावर चारच श्रेयांक जमा होतात. काम किती केले हे श्रेयांकावरून कळते आणि कसे केले हे श्रेणीवरून.

या परिमाणाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत कार्नेगी प्रतिष्ठानाने महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आखली. तिचा लाभ हवा असलेल्या महाविद्यालयांनी प्रवेशासाठी शालेय अभ्यासाचे ठरावीक एकक मानावे, अशी अट आली आणि १२० तासांचे ‘कार्नेगी एकक’ प्रचारात आले. विद्यार्थ्याचा अभ्यास तासांत मोजण्याच्या प्रथेला प्राध्यापकांच्या पेन्शनने हातभार लावला, ही गोष्ट आम्हां प्राध्यापकांना फारशी सांगावीशी वाटत नाही!

एक श्रेयांक म्हणजे किती तास?

येथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो, कारण त्यांना १५ आणि ३० असे दोन आकडे भेटतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पद्धतीत १५ आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला एक तास व्याख्यान झाले की एक श्रेयांक होतो, म्हणजे १५ तास. प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकार्य असेल तर त्याच एका श्रेयांकासाठी ३० तास लागतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ मात्र आरंभापासून ३० अध्ययन-तासांचा एक श्रेयांक मानत आले आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानेही वर्षाचे १२०० तास व ४० श्रेयांक, म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास, हेच प्रमाण धरले आहे.

या दोन आकड्यांत विरोध नाही. कळमन्यात माल तोलताना पोत्यासकट वजन वेगळे आणि निव्वळ मालाचे वजन वेगळे, तसेच हे आहे. १५ हे केवळ वर्गातील तास होत. ३० मध्ये वर्ग, वाचन, टिपणे, स्वाध्याय, परीक्षेची तयारी हे सर्व आले. दूरस्थ विद्यार्थ्याला वर्ग जवळजवळ नसतोच, म्हणून त्याने नेहमी ३० हाच आकडा धरून हिशेब करावा. १५ धरणाऱ्याचे वेळापत्रक पहिल्याच महिन्यात कोलमडते.

परदेशातील आकडे पाहतानाही प्रथम तास विचारावेत. न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका येथे पीएच.डी. ३६० श्रेयांकांची असते हे ऐकून दडपण येते. पण तेथे एक श्रेयांक १० तासांचा आहे. ३६० गुणिले १० म्हणजे ३६०० तास. आपल्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांचे १२० श्रेयांक गुणिले ३० केले, तरी तेच ३६०० तास येतात. युरोपातील पद्धतीत वर्षाला ६० श्रेयांक आणि एका श्रेयांकाला २५ ते ३० तास असतात. तेथील वर्षच १५०० ते १८०० तासांचे धरलेले आहे.

एम.ए.मधील संशोधनाचे श्रेयांक

पूर्वी एम.ए. आणि पीएच.डी. यांच्यामध्ये एम.फिल. ही पायरी होती. आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने ती काढून टाकली. त्यामुळे संशोधनाची पहिली खरी तालीम आता एम.ए.तच होते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार जो आराखडा दिला, त्यात दोन वर्षांच्या एम.ए.चे ८८ श्रेयांक आहेत. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीला ४, दुसऱ्या सत्रात कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्पाला ४, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाला ४ आणि चौथ्या सत्रात ६. बेरीज १८, एकूण श्रेयांकांच्या पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक. आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यात तर दुसऱ्या वर्षाचे सर्वच्या सर्व ४० श्रेयांक संशोधनातून मिळवण्याचाही पर्याय आहे. तो घेणाऱ्याने १२०० तासांची तयारी ठेवावी.

आता आपल्या विद्यार्थिनीच्या चौथ्या सत्रातील ६ श्रेयांक घ्या. ६ गुणिले ३० म्हणजे १८० तास. १५ आठवड्यांत आठवड्याला १२ तास. तिने उत्साहाने दहा तासांचे लिलाव ध्वनिमुद्रित करण्याचे ठरवले. बाजारातील गोंगाटात टिपलेले एका तासाचे संभाषण कागदावर उतरवण्यास साधारण आठ तास धरावेत, म्हणजे लिप्यंतरासच ८० तास गेले. दहा तासांचे उपयोगी मुद्रण हाती येण्यासाठी बाजारातील फेऱ्यांना ६० तास धरू. आधीच्या वाचनास ३० तास. झाले १७०! विश्लेषण आणि लेखन या दोहोंसाठी उरले १० तास. असे प्रकल्प मी पुष्कळ पाहिले आहेत: परिशिष्टे जाडजूड आणि निष्कर्षाचे प्रकरण दीड पानाचे.

मुद्रण पाच तासांवर आणले की चित्र पालटते. वाचन ३०, फेऱ्या ३०, लिप्यंतर ४०, विश्लेषण ३५, लेखन ३०, दुरुस्ती व मौखिक परीक्षेची तयारी १५, एकूण १८०. विषय तोच राहिला, त्याचा आवाका मात्र श्रेयांकांनी ठरवला. श्रेयांकांचा मला वाटणारा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे आणि माहितीपत्रकात तो कोणी सांगत नाही. हंगामाचाही विचार यातच करावा. आंबिया बहाराची संत्री पावसाळ्यानंतर येतात आणि मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी. संत्र्याच्या लिलावावर काम करणाऱ्याने सत्र आणि बहार यांची सांगड आधीच घालावी; फळ सत्राच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही.

पीएच.डी. : बारा श्रेयांक आणि उरलेले काम

पीएच.डी.साठी प्रबंधापूर्वीचे अभ्यासक्रमकार्य २००९ च्या नियमावलीने आवश्यक केले. २०१६ मध्ये त्यासाठी किमान ८ व कमाल १६ श्रेयांक ठरले. २०२२ च्या नियमावलीनुसार आता किमान १२ श्रेयांक लागतात. त्यांत संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम आणि संशोधन व प्रकाशनविषयक नीतिमत्तेचा २ श्रेयांकांचा अभ्यासक्रम असतो. अभ्यासक्रमकार्यात किमान ५५ टक्के गुण किंवा समकक्ष श्रेणी मिळाल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नाही.

१२ गुणिले ३० म्हणजे ३६० तास. पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षे, म्हणजे ३६०० तास धरले तर श्रेयांकांत मोजले गेलेले काम केवळ एक दशांश आहे. उरलेल्या नऊ दशांश कामाला, म्हणजे खुद्द प्रबंधाला, नियमावली श्रेयांक ठरवून देत नाही. एम.ए.च्या प्रकल्पाला श्रेयांक आणि पीएच.डी.च्या प्रबंधाला नाहीत, ही विसंगती आपल्याला खटकली असेल. तिचे समर्थन करता येते. प्रबंधाने ज्ञानात नवी भर घातली की नाही, हे बाहेरील परीक्षक ठरवतात आणि ती भर तासांत मोजता येत नाही. मला हे समर्थन मान्य आहे, परंतु त्याची किंमत कोण मोजतो हेही पाहिले पाहिजे. चार वर्षे क्षेत्रकार्य करून घरच्या अडचणीमुळे पीएच.डी. सोडणाऱ्या व्यक्तीच्या हाती फक्त १२ श्रेयांक राहतात. कागदोपत्री राष्ट्रीय आराखडा पीएच.डी.ला आठवा स्तर देतो आणि वर्षाचे ४० श्रेयांक गुणिले ८ असे ३२० श्रेयांक-बिंदूही मोजतो. पण अर्धवट राहिलेल्या प्रबंधाचे काम त्यामुळे कोणाच्या खात्यावर आपोआप जमा होत नाही. ही पदवी पूर्ण होणार की नाही, याचा अंदाज म्हणूनच आधी घ्यावा लागतो.

तो असा घ्यावा. पीएच.डी. दूरस्थ पद्धतीने करता येत नाही, अर्धवेळ मात्र करता येते. नोकरी करणाऱ्याला त्यासाठी मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. संशोधनास पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास अभ्यासक्रमकार्यासाठी कामातून मोकळीक दिली जाईल, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे लागते. कमाल मुदत सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यापुढे आणखी दोन वर्षांची सवलत आहे. आपली विद्यार्थिनी आठवड्याला १२ तास, वर्षाचे ५० आठवडे देऊ शकली, तर वर्षाचे ६०० तास होतात आणि ३६०० तासांना बरोबर सहा वर्षे लागतात. १० तास आणि ४८ आठवडे धरले, तर वर्षाचे ४८० तास व कालावधी साडेसात वर्षे. आठवड्याचे दोन तास आणि वर्षाचे दोन आठवडे कमी पडले, तर दीड वर्ष वाढते आणि पुनर्नोंदणीची वेळ येते. लग्नसराई, आजारपण, बाजाराचा हंगाम यांत हे दोन तास सहज निसटतात. म्हणून मार्गदर्शकाकडे जाण्यापूर्वी घरच्यांशी आणि मालकाशी बोलावे, असे मी सुचवीन.

श्रेयांकभारित सरासरी

अभ्यासक्रमकार्याची सरासरी काढताना प्रत्येक विषयाच्या श्रेणीगुणाला त्याच्या श्रेयांकांनी गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी आणि तिला एकूण श्रेयांकांनी भागावे. समजा, संशोधन पद्धती ४ श्रेयांक व श्रेणीगुण ८, नीतिमत्ता २ श्रेयांक व श्रेणीगुण १०, विषयविशेष ६ श्रेयांक व श्रेणीगुण ६. गुणाकार अनुक्रमे ३२, २० आणि ३६, बेरीज ८८. तिला १२ ने भागले असता ७.३३ मिळतात. तीन श्रेणीगुणांची साधी सरासरी ८ येते, पण ती येथे चालत नाही. ज्या विषयाला श्रेयांक अधिक, त्यातील श्रेणी सरासरीला अधिक ओढते.

मिळालेले श्रेयांक २०२१ पासून सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा होतात. तेथे ते साधारणपणे कमाल सात वर्षे वापरता येतात. शिक्षणात खंड पडलेल्यांनी ही मुदत अवश्य पाहावी.

स्वाध्याय

वरील उदाहरणात विषयविशेषाचा श्रेणीगुण ६ ऐवजी ७ आला, तर सरासरी किती होईल? (उत्तर : ७.८३.) त्यानंतर आपल्या मनातील एखादा संशोधनविषय घ्या आणि तो ४ श्रेयांकांच्या, म्हणजे १२० तासांच्या प्रकल्पात बसवून वाचन, क्षेत्रकार्य, लिप्यंतर, विश्लेषण व लेखन यांचे तास लिहा. शेवटी गेल्या चार आठवड्यांत आपण प्रत्यक्ष किती तास अभ्यास केला, ते आठवड्यानुसार नोंदवा आणि हे दोन्ही कागद पुढील संपर्कसत्राला सोबत आणा.